हाण की गं पोरी!

कोल्हापुरात फुटबॉलची बातमी शोधावी लागत नाही, ती अंगावर येते. संध्याकाळी शाहू स्टेडियमवर काय झालं ते रात्री भाजी चिरतानाच कळतं. जिंकलेल्या पेठेतली पोरं गाड्यांच्या पुंगळ्या काढून बोळाबोळातून फिरतात आणि हरलेल्या पेठेत दिवे लवकर मालवतात. न्यू जर्सीत माझ्या लेकीच्या घरी हीच बातमी फ्रिजच्या दारावर चिकटलेली असते. शाळेच्या मुलींच्या सॉकरचं वेळापत्रक: तारीख, वार, समोरची शाळा, मैदान आपलं की त्यांचं, बस किती वाजता सुटणार. त्याखाली लेकीच्या घाईच्या अक्षरात, संत्री कोण आणणार आणि येताना कुणाच्या गाडीत किती पोरी बसणार. भिंतीवर कालनिर्णय आहे, पण सप्टेंबर ते नोव्हेंबर या घरात चालतं ते फ्रिजचं.

माझं बालपण कोल्हापुरातल्या एका पेठेत गेलं. कुठल्या ते सांगत नाही. या वयात उगाच वैर नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही तालमी-मंडळांच्या फुटबॉल टीमची नावं आमच्याकडे मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात. घरात भाऊ खेळायचे, चुलते खेळायचे. वडील खेळत नसत, पण बाकीच्यांच्या दोन्ही हाफमधल्या चुका रात्री जेवायला बसल्यावर काढत. त्या पंगतीत वाढता वाढता ऑफसाइड म्हणजे काय, कॉर्नरच्या वेळी माणूस कसा धरायचा, डावखुऱ्याला कुठल्या अंगाला ढकलायचं, हे सगळं मला कळत गेलं. चेंडूला मात्र माझा पाय कधी लागला नाही. गल्लीतून घरंगळत दारात आलाच, तर हातानं उचलून परत द्यायचा, अशी रीत होती. तीसुद्धा आईचं लक्ष नसताना.

त्यामुळे नातीनं शाळेच्या टीममध्ये जायचं ठरवलं तेव्हा या घरात खेळातलं जाणकार म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते चष्मा लावून पोहे निवडत बसलं होतं. जावईबापू इंजिनिअर आहेत. पुलांची गणितं करतात. ऑफसाइड त्यांना अजून कळलेला नाही. जेवणाच्या टेबलावर मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि दोन वाट्या मांडून मी तो त्यांना समजावून दिला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्याच मॅचला शिट्टी झाली आणि ते हळूच माझ्याकडे वाकून म्हणाले, “आई, आता यात लोणचं कुठलं?”

सीझन सुरू होतो ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्याही आधी. डॉक्टरांचा दाखला हवा, आईबापांच्या सह्या हव्यात, मागच्या वर्षीच्या अभ्यासाचे ठरावीक क्रेडिट पदरात हवेत. त्याशिवाय पोरीला मैदानात पाय ठेवता येत नाही. मग निवडचाचणी. ऐन उन्हात काही दिवस पळवतात, लहान लहान मॅचेस लावतात आणि शेवटी याद्या लागतात. सगळ्यात वर व्हार्सिटी, म्हणजे शाळेची मुख्य टीम. तिच्याखाली जेव्ही, म्हणजे ज्युनियर व्हार्सिटी. आणि नववीत नव्यानं आलेल्या पोरींसाठी फ्रेशमन. काहींचं नाव कुठल्याच यादीत नसतं. त्यांच्या गाड्या पार्किंगमधून सगळ्यात आधी निघतात.

नात दहावीत. तिचं नाव जेव्हीत आलं. त्या संध्याकाळी घरात फारसं कोणी बोललं नाही. नापास नव्हती, पण पेढे वाटावेत असंही नव्हतं. लेकीनं उगाचच फ्रिज पुसला. जावईबापूंनी निवडीचे निकष लेखी मिळतात का, अशी चौकशी केली. नात मात्र यादीचा फोटो मैत्रिणींना पाठवून त्यांच्याबरोबर पिझ्झा खायला निघून गेली. दुःख करायला घरात माणसं पुरेशी होती.

मग पालकांची सभा. कोच ही शाळेत इतिहास शिकवणारी बाई. उंचीनं बेताची, आवाजानं भरपूर. तिनं पहिल्यांदा सगळ्यांचे आभार मानले आणि मग एकेक दार लावून घेतलं. कोणाला किती वेळ खेळवायचं यावर पालकांशी चर्चा होणार नाही. तसं काही विचारायचं असेल तर मुलीनं स्वतः येऊन विचारावं. मॅच संपल्यावर 24 तास कोणीही तक्रार घेऊन येऊ नये. यावर मागच्या रांगेतल्या एका भारतीय बाबांनी हात वर केला. “ते ठीक आहे, पण जास्त वेळ खेळायला मिळावं म्हणून वेगळा क्लास वगैरे असतो का?” सभागृहातल्या झाडून सगळ्या देशी मंडळींनी त्यांच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं. प्रश्न प्रत्येकाच्या ओठावर होता, विचारायचं धाडस त्यांनी केलं. कोच हसली आणि म्हणाली, “असतो. रोज साडेतीन वाजता, याच मैदानावर.”

खेळाच्या सामानात फार काही लागत नाही. खिळ्यांचे बूट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि मोज्याच्या आत नडगीला लावायची ढाल, म्हणजे शिनगार्ड. ती नसेल तर रेफ्री आत सोडत नाही. दागिना चालत नाही. बारशाला मी घातलेल्या सोन्याच्या रिंगा त्यामुळे सीझनभर डबीत असतात, आणि कानाची भोकं बुजतील ही काळजी मी वाहते. गळ्यातला गणपती मात्र राहिला. धर्माचं पदक असेल तर ते टेपनं अंगाला चिकटवून जर्सीच्या आत ठेवता येतं, असा नियमच आहे. लोक त्याला दहा दिवस मखरात बसवतात. आमच्याकडे तो पूर्ण सीझन पळतो. मॅचनंतर टेप सोडवताना नात ओरडते तेव्हा गजाननाला काय वाटत असेल, ते त्यालाच ठाऊक.

मैदान खऱ्या गवताचं नाही. हिरवं प्लॅस्टिक आणि त्यात पसरलेले टायरच्या रबराचे बारीक काळे दाणे. हे दाणे बुटांतून, मोज्यांतून, वेणीतून घरात येतात. आकार मोहरीचा, रंग मोहरीचा, आणि कितीही झाडलं तरी एखादा दाणा कोपऱ्यात शिल्लक राहतोच. तेव्हापासून फोडणीला मोहरी घालताना मी ती आधी तळहातावर घेऊन चिमटीत दाबून बघते. दबली तर सॉकर, नाही दबली तर आमटी.

आता मैदानाच्या कडेची गोष्ट. इथं प्रेक्षक आपापली खुर्ची घेऊन येतात. घडीची, पिशवीत मावणारी, हाताशी कॉफीचा कप ठेवायला जाळी असलेली. सप्टेंबरात छत्री उन्हासाठी, ऑक्टोबरात तीच छत्री पावसासाठी आणि पुढं मांडीवर ब्लँकेट. फाटकाशी पाटी लावलेली असते. खेळणं खेळाडूंनी करावं, शिकवणं कोचनी, निर्णय रेफ्रींनी आणि टाळ्या वाजवणं तुम्ही, अशा अर्थाची. लोक ती पाळतातही. “छान प्रयत्न!” असं एकजण म्हणतो. गोल चुकला तरी “छान प्रयत्न”, चेंडू समोरच्याच्या पायात दिला तरी “छान कल्पना होती”. शाहू स्टेडियमवर आमच्या पोरानं तसला पास दिला असता, तर त्याच्या आजोबांपासून सुरुवात झाली असती.

मला ते जमेना. समोर मोकळा गोल दिसतोय, पायात चेंडू आहे, आणि पोरगी विचार करतेय. तोंडातून आपोआप निघून गेलं, “हाण की गं पोरी!” आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. लेक ब्लँकेटमध्ये शिरली. शेजारची गोलकीपरची आई फार सभ्य बाई. तिनं विचारलं, ही काही प्रार्थना आहे का? मी हो म्हणाले. खोटं नव्हतं.

पण कडेवरून मराठीत ओरडण्यातला धोका नंतर कळला. मध्य न्यू जर्सीत आपली माणसं किती आहेत ते ओक ट्री रोडवरच्या दुकानांत समजतंच, मैदानावरही समजतं. शेजारच्या गावच्या शाळेशी मॅच होती. नात उजवीकडे अडकली होती आणि मैदानाची डावी बाजू रिकामी. मी उठून उभी राहिले, “डावीकडं जागा हाय, डावीकडनं जा!” नात वळायच्या आत समोरच्या टीमची डिफेंडर डावीकडे जाऊन उभी. चेंडू अलगद काढून घेतला आणि निघाली. मॅच संपल्यावर ती पोरगी घाम पुसत थेट माझ्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, “थँक्यू हं, आजी.” तिच्या आईचं माहेर सातारा. नातीनं त्या दिवशी गाडीत माझ्याशी अबोला धरला. मला मनातून त्या साताऱ्याच्या पोरीचं कौतुक वाटत होतं. चेंडूवर नजर आणि कान आजीकडे, ही साधी गोष्ट नव्हे.

घड्याळ इथं उलटं चालतं. हायस्कूलची मॅच 40 मिनिटांच्या दोन हाफची. फलकावर 40 पासून आकडे उतरत जातात आणि शून्याला खेळ संपतो. गोल झाला की घड्याळ थांबतं. कोल्हापुरात रेफ्रीच्या मनगटावर काय चाललंय यावर पेठेचा कधीच विश्वास नसतो, त्यामुळे मॅच संपली की खरी चर्चा सुरू होते. इथं वेळ सगळ्यांच्या डोक्यावर लटकलेली, भांडायला जागाच नाही. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

एक गोष्ट मात्र आमच्या स्टेडियमवर कधी पाहिली नव्हती. एखादी पोरगी पडली आणि उठेना, की दोन्ही टीमच्या पोरी जिथं असतील तिथं एक गुडघा टेकून बसतात. कोणी बोलत नाही. शाळेची ट्रेनर बॅग घेऊन धावत येते. डोक्याला मार बसल्याची शंका आली तर पोरगी त्या दिवशी परत आत जात नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पुढंही नाही. ती उठून चालू लागली की दोन्हीकडचे लोक टाळ्या वाजवतात. गुडघ्याच्या आतला लिगामेंट फाटणं ही या खेळातली मोठी भीती, आणि ती मुलांपेक्षा मुलींना जास्त. व्हार्सिटीतल्या बारावीच्या एका पोरीचा तो ऑगस्टमध्येच गेला. सीझन तिथंच संपला. पण कुबड्या घेऊन ती प्रत्येक मॅचला बेंचवर हजर. मांडीवर वही, गोलवर किती शॉट गेले, कॉर्नर किती, कोणी अडवले, सगळं पेन्सिलीनं लिहायची. बसमध्ये तिची जागा पहिल्या बाकावर ठरलेली. टीममध्ये असणं आणि खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या तालमीतल्या कित्येक बाप्यांना साठीपर्यंत कळलेलं नाही.

आता वाचकांना वाटेल, अमेरिकेतल्या पोरी मुळातच धीट, त्यांना खेळायला कोण अडवणार? तसं मुळीच नव्हतं. 1972 साल घ्या. आपल्याकडे दुष्काळ. मी शाळेत होते. भाऊ मैदानावर, मी रेशनच्या रांगेत. त्या वर्षी 23 जूनला अमेरिकेत निक्सनसाहेबांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्यातलं नववं प्रकरण म्हणजे टायटल नाइन. त्याचा मुख्य मजकूर इंग्रजीत 37 शब्दांचा, आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही शिक्षणकार्यात स्त्री की पुरुष हे पाहून कोणाला डावलता येणार नाही, एवढंच म्हटलंय. त्यासाठी झटणाऱ्यांत हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण बाई म्हणून मेडिकल कॉलेजांनी घेतलं नव्हतं. राग गिळून बसण्यापेक्षा त्याचा कायदा करावा, असं बहुधा त्यांनी ठरवलं असावं.

कायदा येण्याआधी, 1971-72 मध्ये, सगळ्या अमेरिकेत हायस्कुलांच्या टीममधून सॉकर खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे 700. आज त्या साडेतीन लाखांच्या वर आहेत. पोरी तेव्हाही त्याच होत्या, पायही दोनच होते. फरक इतकाच पडला की मैदान, कोच, बस आणि जर्सी मुलग्यांना द्यायची तर मुलींनाही द्यावी लागली. दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची, तिच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. कायदा मात्र तिकडेच राहिला.

त्या 700 चं पुढं काय झालं ते जगानं पाहिलं. बायकांचा पहिला विश्वचषक 1991 मध्ये चीनमध्ये झाला, तो अमेरिकेनं जिंकला. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल स्टेडियमवर बायकांचीच फायनल बघायला 90,185 माणसं आली. आमच्या न्यू जर्सीचा वाटाही लहान नाही. डेलरनची कार्ली लॉइड हिनं 2015 च्या फायनलमध्ये जपानवर पहिल्या 16 मिनिटांत तीन गोल केले. तिसरा तर मैदानाच्या मध्यावरून. राष्ट्रीय संघात वर्षानुवर्षं खेळलेली हेदर ओ’रायली ईस्ट ब्रन्सविकची, म्हणजे आपल्या लोकांचा भाजीचा आणि चाटचा बाजार असतो त्याच परिसरातली.

आणि याच्या उलटंही झालेलं आहे. इंग्लंडमध्ये 1920 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची मॅच बघायला 53,000 लोक लोटले होते. वर्षभरात, डिसेंबर 1921 मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेनं फतवा काढला: हा खेळ बायकांना योग्य नाही, आमच्या क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. पन्नास वर्षं तो फतवा राहिला. खेळणाऱ्या होत्या, बघणारे होते, तिकिटं खपत होती. मैदान काढून घेतलं आणि खेळ बसला. म्हणजे कौतुकानं खेळ वाढत नाही आणि टीकेनं मरत नाही. तो मैदानाच्या किल्लीवर चालतो.

इथं सगळं गोड आहे असं नाही. किल्ली कायद्यानं दिली, पण फाटकाशी पैसा उभा आहे. व्हार्सिटीतल्या बहुतेक पोरी सहाव्या-सातव्या वर्षापासून बाहेरच्या क्लबात खेळलेल्या. त्या क्लबांची वर्षाची फी हजारो डॉलर. शिवाय शनिवार-रविवारी दूरदूरच्या गावांतल्या स्पर्धा, हॉटेलं, पेट्रोल. ज्या घरात दोन्ही पालक पाळीत काम करतात, त्या घरची पोरगी कितीही चपळ असली तरी निवडचाचणीपर्यंत पोचताना मागे पडते. शाळेची टीम फुकट असली तरी तिथं पोचायचा रस्ता टोलचा आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या अकादम्या बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

गणपती नेमके याच दिवसांत येतात. गौरी जेवायच्या दिवशी दुपारी साडेतीनला बाहेरगावची मॅच लागली, तेव्हा लेकीनं मला भीतभीत विचारलं. मी म्हटलं, गौरी माहेरवाशिणी आहेत, पोरीला खेळू दिलं म्हणून रागावायच्या नाहीत. नैवेद्य अकराला उरकला. मोठ्या मॅचच्या आदल्या रात्री टीममधल्या कुणाच्या तरी घरी सगळ्यांनी मिळून पास्ता खायचा, अशी इथं पद्धत आहे. आमच्याकडे पाळी आली तेव्हा लेकीनं पास्त्याची मोठाली भांडी चढवली आणि मला बजावलं, “आई, तू काही करू नकोस.” मी काहीच केलं नाही. फक्त भडंगाचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडं राहिलं. पोरी आधी दोन बोटांनी घेत होत्या, मग मुठीनं, मग डबाच फिरू लागला. लसणीच्या तिखटानं गोलकीपरचे कान लाल झाले होते, पण डबा काही ती सोडेना. गोलकीपरच शेवटी.

एवढं सगळं वाचून निकाल विचाराल तर सांगते. व्हार्सिटी राज्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झाली. जेव्हीला राज्याची स्पर्धाच नसते. त्यांचा सीझन एका मंगळवारी संपतो आणि बुधवारी पोरी नुसत्या घरी येतात. नातीच्या नावावर एक गोल. तोही समोरच्या पोरीच्या घोट्याला लागून वळलेला. मी तिला सांगितलं की आमच्या पेठेत असल्या गोलावर वर्षभर जगलेली माणसं आहेत. घरच्या शेवटच्या मॅचला बारावीच्या पोरींचा निरोप असतो. आईबाप हातात फुलं घेऊन लेकीबरोबर मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात, माईकवरून तिचं नाव आणि ती पुढं काय शिकणार ते सांगतात. त्या दिवशी कोचनं कुबड्यावालीचं नाव पहिल्या अकरात लिहिलं होतं. समोरच्या टीमशी आधीच बोलणं झालेलं. खेळ सुरू झाला, तिच्या मैत्रिणीनं चेंडू तिच्या पायाशी आणून दिला, तिनं तो चांगल्या पायानं टोचला, आणि समोरच्यांनी तो मुद्दाम बाहेर घालवला. मग बदली खेळाडू आली. वहीत त्या दिवशी तिच्या नावापुढं एक पास लिहिला गेला, पेनानं.

आता आमच्या गावाकडे वळते. कोल्हापुरात आज पोरी खेळतात, हे मला ठाऊक आहे. चांगल्या खेळतात. 2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत सामने झाले. 2025 मध्ये आपल्या बायकांनी थायलंडला त्यांच्याच घरी हरवून एशियन कपची पात्रता मिळवली. ज्या गावात भिंतींवर खेळाडूंची चित्रं रंगवतात, ज्या गावचा अनिकेत जाधव 2017 मध्ये मुलांच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या गावाला पोरींचं वावडं असायचं कारण नाही. पण संध्याकाळी पाच वाजता कुठल्याही शाळेच्या मैदानावर जाऊन बघा. मैदान मुलग्यांचं, कडेची फूटभर जागा मुलींची, आणि तिथंही सायकली लावलेल्या.

पोरींना प्रोत्साहन द्या, असं मी म्हणणार नाही. प्रोत्साहन आम्हाला रगड मिळालं. हार घालून, भाषण करून, सत्कार करून. खेळायला लागतं ते वेगळंच. मैदान, ठरलेली वेळ, शिकवणारं माणूस, घरी सुखरूप पोचवणारी गाडी आणि कपडे बदलायला कडी असलेली खोली. इतकं असेल तर धीर त्यांच्याकडे पहिल्यापासून आहे.

तेव्हा माझी विनंती मुख्याध्यापकांना आहे, तालमींच्या कारभाऱ्यांना आहे, आणि हे वाचणाऱ्या आजोबांनाही आहे. आठवड्यातले दोन दिवस, साडेचार ते सहा, मैदान फक्त मुलींचं, असं शाळेच्या फळ्यावर लिहून टाका आणि ते कोणी पुसणार नाही याची काळजी घ्या. त्या दोन दिवशी मुलग्यांनी काय करायचं, असा प्रश्न लगेच येईल. त्यांनी कडेला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात.